मॉसनच्या स्लेजवर काय लादलेले होते, तेही लिहा

प्रति,
मराठीत ध्रुवीय मोहिमांवर पुस्तके, पाठ, कोशनोंदी आणि कार्यक्रम तयार करणारे लेखक, अनुवादक आणि संपादक

सप्रेम नमस्कार.

डग्लस मॉसन यांचे नाव निघाले की एकच चित्र उभे केले जाते. दोन्ही सोबती गेले, कुत्रे संपले, पायांच्या तळव्यांची कातडी सुटून आली, आणि हा माणूस अर्धी स्लेज (बर्फावरून ओढायची घसरगाडी) ओढत एकटाच अंटार्क्टिकाच्या बर्फावरून चालला आहे. प्रसंग खरा आहे आणि तो सांगायलाच हवा. पण हा माणूस तिथे मुळात कशासाठी गेला होता, हे त्या चित्रात कुठेच नसते. मॉसन भूवैज्ञानिक होते. ध्रुवावर सर्वांत आधी झेंडा रोवण्याची त्यांना हौस नव्हती. दक्षिण ध्रुव गाठायला निघालेल्या ब्रिटिश कप्तान स्कॉट यांनी १९१० मध्ये आपल्या मोहिमेत येण्यासाठी विचारले, तेव्हा मॉसन यांनी नकार दिला. त्यांना ऑस्ट्रेलियाच्या समोर येणारा, कोणी न पाहिलेला किनारा तपासायचा होता.

आमची मागणी अशी की त्यांच्या धैर्याला देता तेवढीच जागा त्यांच्या कामालाही द्या. आणि तो प्रवास सांगताना वजने, अंतरे, उपकरणे नेमकी सांगा. कोण का मेले आणि कोण कसे वाचले, याचे उत्तर त्या आकड्यांतच आहे. विशेषणांनी ते झाकले जाते.

आधी उच्चार. ‘मावसन’ नव्हे, मॉसन. जन्म ५ मे १८८२, इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये. दोन वर्षांचे असताना कुटुंब ऑस्ट्रेलियात आले. सिडनी विद्यापीठातून १९०२ मध्ये खाण अभियांत्रिकीची पदवी, १९०३ मध्ये न्यू हेब्रिडीज बेटांचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण, आणि १९०५ पासून ॲडलेड विद्यापीठात खनिजशास्त्र व शिलाशास्त्राचे अध्यापन. युरेनियम असलेल्या एका खनिजाचे वर्णन करून त्यांनी १९०६ मध्ये त्याला आपले गुरू एजवर्थ डेव्हिड यांच्यावरून ‘डेव्हिडाइट’ हे नाव दिले. म्हणजे अंटार्क्टिकावर पाऊल ठेवण्याआधीच ते आपल्या विषयातले जाणते होते. ‘साहसी तरुण पुढे शास्त्रज्ञ झाला’ असा क्रम कुठे लावला असेल तर तो उलटा करावा लागेल.

आता सर्वांत जास्त दिसणारी चूक. ब्रिटिश ध्रुवशोधक शॅकल्टन यांच्या ‘निमरॉड’ मोहिमेत (१९०७ ते १९०९) मॉसन ‘दक्षिण ध्रुवावर पोहोचले’ असे लिहिले जाते. ते भौगोलिक ध्रुवावर कधीच गेले नाहीत. डेव्हिड, डॉक्टर ॲलिस्टर मॅके आणि मॉसन हे तिघे १६ जानेवारी १९०९ रोजी दक्षिण चुंबकीय ध्रुवाच्या प्रदेशात पोहोचले. त्यांनी नोंदवलेले स्थान ७२° २५′ दक्षिण, १५५° १६′ पूर्व. ‘चुंबकीय’ हा शब्द गाळला की गोष्टच बदलते, कारण इथे मुक्काम कुठे आहे ते ठरवण्याचे काम उपकरणाचे होते.

साधा होकायंत्राचा काटा आडव्या पातळीत फिरतो. चुंबकीय ध्रुवाजवळ पृथ्वीच्या चुंबकीय बलाचा आडवा भाग जवळजवळ शून्यावर येतो, त्यामुळे काटा सुस्तावतो आणि कुठल्याही दिशेला थांबतो. तिथे नतिमापक लागतो. त्याची सुई उभ्या पातळीत फिरते. ध्रुवाच्या जितके जवळ जावे तितकी ती खाली झुकते आणि नेमक्या ध्रुवावर ९०° दाखवते. मॉसन यांनी ८९° ४८′ एवढी नती वाचली. पण चुंबकीय ध्रुव एका जागी बसत नाही, दिवसभरात तो थोडा थोडा सरकतो. म्हणून त्याच्या मागे धावण्यापेक्षा त्याचे सरासरी स्थान कुठे असेल त्याचा हिशेब केला आणि उरलेले सुमारे २१ किलोमीटर चालून जाण्याचे ठरवले. त्या स्थानाच्या अचूकतेवर पुढच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत, त्याही नोंदवाव्यात. तो ध्रुव आज तिथे नाही. तो खंड सोडून किनाऱ्याबाहेर समुद्रात सरकला आहे. नकाशा छापताना स्थानासोबत वर्ष छापले नाही तर नकाशा चुकीचा ठरतो.

हा प्रवास १२२ दिवसांचा, सुमारे २००० किलोमीटरचा. कुत्रे नाहीत, घोडे नाहीत, तीन माणसे आणि दोन स्लेज. दोन्ही एकदम ओढवत नसत तेव्हा एक पुढे न्यायची, रिकाम्या हाताने परतायचे आणि दुसरी आणायची. म्हणजे एक किलोमीटर पुढे सरकायला तीन किलोमीटर चाल. हे वाक्य लिहिल्याशिवाय त्या १२२ दिवसांचा अर्थ लागत नाही. तिघांतले डेव्हिड तेव्हा पन्नाशीचे होते, हेही एका ओळीत सांगता येईल.

त्याच मोहिमेत मार्च १९०८ मध्ये एरेबस या जागृत ज्वालामुखीवर पहिली चढाई झाली, तिच्यातही मॉसन होते. माथ्यावर पोहोचल्यावर त्यांनी कोन मोजून विवराची खोली काढली, सुमारे २७५ मीटर. एवढी नोंद त्या प्रसंगाला पुरे.

‘ऑस्ट्रलेशियन अंटार्क्टिक मोहीम’ मॉसन यांची स्वतःची. ‘ऑरोरा’ जहाज २ डिसेंबर १९११ रोजी होबार्टहून निघाले, कप्तान जॉन किंग डेव्हिस. वाटेत मॅक्वॉरी बेटावर एक तुकडी उतरवली. तिचे एक काम होते अंटार्क्टिकाहून येणारे बिनतारी संदेश होबार्टला पुढे पाठवणे. मुख्य तळ जानेवारी १९१२ मध्ये कॉमनवेल्थ उपसागरातल्या केप डेनिसनवर पडला आणि फ्रँक वाइल्ड यांची तुकडी पश्चिमेला सुमारे २४०० किलोमीटरवर उतरली.

केप डेनिसनच्या वाऱ्याबद्दल ‘भयंकर वादळे’ एवढेच लिहून थांबू नका. ती वादळे नव्हती, तिथला रोजचा वारा तसा होता. आतल्या उंच पठारावर हवा बर्फाला लागून थंड होते, थंड झाली की जड होते, आणि उतारावरून पाण्यासारखी खाली वाहू लागते. केप डेनिसनच्या मागचा उतार अशा हवेला एका चिंचोळ्या वाटेत गोळा करतो. मे १९१२ ची महिन्याची सरासरी ताशी सुमारे ९८ किलोमीटर होती आणि १५ मे रोजी चोवीस तासांची सरासरी ताशी सुमारे १४५. ही सरासरी आहे, झोत नव्हे. एवढ्या वाऱ्यात माणसे झुकून चालायला शिकली, आणि वारा अचानक थांबला की तोंडावर आपटायची. बिनतारीचा खांब ऑक्टोबर १९१२ मध्ये कोसळला. पहिल्या वर्षी मॅक्वॉरीला काही संदेश ऐकू गेले, पण उलट दिशेने काही येईना. दुतर्फा संपर्क जमला तो फेब्रुवारी १९१३ मध्ये.

आता त्या प्रवासाकडे येऊ.

१० नोव्हेंबर १९१२ रोजी मॉसन, झेवियर मेर्ट्स आणि बेलग्रेव्ह निनिस पूर्वेकडे निघाले. मेर्ट्स स्विस, स्कीइंगमध्ये पटाईत. निनिस ब्रिटिश लष्करातले लेफ्टनंट. स्लेज तीन, ओढायला कुत्रे. पहिल्या ३५ दिवसांत ते तळापासून सुमारे ५०७ किलोमीटर गेले. वाटेत दोन मोठ्या हिमनद्या ओलांडल्या. आज त्या मेर्ट्स आणि निनिस हिमनदी म्हणून नकाशात आहेत.

१४ डिसेंबर. तोवर एक स्लेज टाकून दिली होती, दोन उरल्या होत्या. मागची स्लेज निनिस यांच्याकडे होती आणि तिच्यावर जवळजवळ सगळे अन्न, कुत्र्यांचे सगळे खाणे आणि तंबू लादलेला होता. चांगले सहा कुत्रेही तिलाच जुंपलेले. ‘सगळे महत्त्वाचे सामान एकाच स्लेजवर ठेवण्याची चूक’ असा शेरा इथे वाचायला मिळतो. तो अन्याय आहे. भेगा असलेल्या प्रदेशात पुढची स्लेज बर्फाचा पूल जोखते, धोका तिला जास्त असतो. म्हणून ज्याच्यावाचून भागणार नाही ते मागच्या स्लेजवर ठेवायचे. विचार बरोबर होता. त्या दिवशी घडले त्याच्या उलट.

असे का घडले? हिमभेगेवर वाऱ्याने उडालेला बर्फ साचून झाकण तयार होते. वरून भेग दिसत नाही, फार तर किंचित खोलगट पट्टा दिसतो. झाकण फुटते की नाही हे एकूण वजनापेक्षा ते वजन किती जागेवर पसरले आहे, यावर ठरते. मेर्ट्स पुढे स्कीवर होते. मॉसन आपल्या स्लेजवर बसून दुपारच्या निरीक्षणावरून अक्षांशाचे गणित करत होते, म्हणजे त्यांचे वजन लांब धावपट्ट्यांवर वाटले गेले होते. निनिस स्लेजच्या बाजूने पायी चालत होते. साधारण हिशेब करून पाहा. ७५ किलोचा माणूस एका पावलावर उभा असेल तर सुमारे २५० चौरस सेंटिमीटरवर भार येतो, दर चौरस सेंटिमीटरला ३०० ग्रॅम. तोच माणूस एका स्कीवर असेल तर भार दीडेक हजार चौरस सेंटिमीटरवर पसरतो, दर चौरस सेंटिमीटरला पन्नासेक ग्रॅम. सहापट फरक. निनिस यांच्या पावलांनी झाकण फुटले असावे, हा अंदाज खुद्द मॉसन यांचाच आहे. शिवाय मॉसन यांची स्लेज भेगेवरून तिरकी गेली होती. मॉसन यांनी मागे वळून सावध केले, तसे निनिस यांनी कुत्र्यांना वळवून भेग सरळ ओलांडायला घेतली.

मेर्ट्सना मागे कोणी दिसेना म्हणून मॉसन यांनी वळून पाहिले, तर मागे फक्त त्यांच्याच स्लेजच्या खुणा होत्या. खाली सुमारे ४५ मीटरवर एका कपारीत एक जखमी कुत्रा, तंबू आणि खाण्याची एक पिशवी दिसत होती. जवळचे सगळे दोर जोडले तरी तिथवर पोहोचेनात. दोघे तीन तास हाका मारत राहिले.

उरले काय? दोघांना पुरेल असे जेमतेम दीड आठवड्याचे अन्न. कुत्र्यांना काहीच नाही. कुकर, झोपायच्या पिशव्या आणि तंबूचे एक जादा कापड. या कापडाला आधार म्हणून थिओडोलाइटचे पाय वापरले. कोनमापक उपकरणाची तिवई तंबूचा खांब झाली. याहून नेमके चित्र कुठल्या कादंबरीकाराला सुचणार नाही, तरीही ते बहुतेक वेळा गाळले जाते.

अन्नाचा हिशेब वाचकाला करू द्या. या मोहिमेचा स्लेजवरचा रोजचा माणशी शिधा असा: बिस्किटे ३४० ग्रॅम, पेमिकन म्हणजे वाळवून कुटलेले मांस आणि चरबी २२७ ग्रॅम, दुधाची पूड १४२, साखर ११३, लोणी ५७, चॉकलेट ५७, कोको २८ आणि चहा ७ ग्रॅम. एकूण सुमारे ९७० ग्रॅम. ध्रुवीय थंडीत ओझे ओढणाऱ्याला एवढे पुरतेच असे नाही. आता ५०७ किलोमीटर दहा दिवसांत कापायचे तर रोज पन्नास किलोमीटर हवेत, आणि येताना, कुत्रे तगडे असताना, सरासरी पडली होती साडेचौदाची. म्हणजे शिधा कित्येक पटींनी कमी करणे भागच होते, आणि तूट भरायला उरलेले सहा कुत्रे होते. तेही उपाशी. एकेक कुत्रा मारायचा, थोडे मांस आपण घ्यायचे, बाकीचे उरलेल्या कुत्र्यांना घालायचे. त्या मांसात चरबी जवळजवळ नव्हतीच. चरबी नसेल तर थंडीत माणूस मांस खाऊनही खंगत जातो.

यकृत मऊ होते, चावायला सोपे होते. दोघांनीही ते खाल्ले. कातडी सोलटू लागली, केस गळले, पोट बिघडले. मेर्ट्स आधी खचले. शेवटी त्यांना वात झाला आणि ८ जानेवारी १९१३ च्या पहाटे ते गेले. ‘कुत्र्याच्या यकृतातल्या ‘अ’ जीवनसत्त्वाच्या विषबाधेने मेर्ट्स मेले’ असे आता ठामपणे लिहिले जाते. हे निदान १९६९ मध्ये दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी लक्षणांवरून मांडले. ते पटण्याजोगे आहे, कारण हस्की कुत्र्यांच्या यकृतात हे जीवनसत्त्व खरोखरच फार असते. पण मेर्ट्स यांच्या देहाची तपासणी कधी झाली नाही, आणि २००५ मध्ये दुसरे स्पष्टीकरणही मांडले गेले. तेव्हा ‘बहुधा’ हा शब्द वापरा. आणि ‘त्यांना हे कळायला हवे होते’ असे तर मुळीच लिहू नका. ‘अ’ जीवनसत्त्वाचा शोध लागला तोच १९१३ मध्ये.

आणखी एक विनंती इथेच. मॉसन यांनी सोबत्याचे मांस खाल्ले असावे, अशी कुजबुज कधी कधी शीर्षकात पेरली जाते. तिला कसलाही पुरावा नाही. मेर्ट्सना त्यांच्या झोपायच्या पिशवीतच ठेवून मॉसन यांनी वर बर्फाचा ढिगारा रचला आणि तिथे स्लेजच्या धावपट्ट्यांचा क्रूस उभा केला. तळ अजून सुमारे १६० किलोमीटर दूर होता.

पुढचा महिना म्हणजे हाती असलेल्या वस्तूंचे नवे उपयोग. खिशातल्या हत्याराच्या छोट्या करवतीने त्यांनी स्लेज अर्धी कापली. मेर्ट्स यांचे जाकीट आणि कापडी पिशवी जोडून शीड केले. ११ जानेवारीला पाय जड वाटले म्हणून मोजे काढले, तर तळव्याची जाड कातडी सबंधच्या सबंध सुटलेली. आतल्या कच्च्या कातडीला लॅनोलिन म्हणजे लोकरीतली चरबी चोपडली, सुटलेला तळवा परत जागेवर बसवला, पट्टी बांधली आणि वरून लोकरी मोज्यांच्या सहा जोड्या चढवल्या. १७ जानेवारीला ते भेगेत पडले. सव्वाचार मीटरच्या दोरावर लोंबकळत होते आणि वर स्लेज बर्फात अडकून राहिली म्हणून वाचले. दोराला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या होत्या. गाठ धरून वर आले, तेवढ्यात काठ फुटला आणि पुन्हा खाली गेले. दुसऱ्यांदा चढले. त्यानंतर त्यांनी दोराची शिडी केली आणि एक टोक स्लेजला, दुसरे स्वतःला बांधून ठेवले.

दिशा कशी कळत होती? होकायंत्राचा भरवसा नाही, सूर्य बरेचदा ढगाआड. तिथे वारा एकाच दिशेने वाहतो आणि बर्फावर कठीण वरंबे कोरतो, त्यांना सास्त्रुगी म्हणतात. त्या वरंब्यांशी ठरावीक कोन धरून चालायचे. डोळ्यांना दिसले नाहीत तर पायाला लागतात. किती चाललो हे स्लेजमागच्या चाकाचे मापक सांगते, जोवर ते मोडत नाही तोवर.

१७ डिसेंबरच्या सुमारास ओझे कमी करताना कॅमेरा, फिल्म, रायफल, काडतुसे, थर्मामीटर आणि पाण्याच्या उत्कलनबिंदूवरून उंची सांगणारे हिप्सोमीटर टाकून दिले होते. थिओडोलाइट मात्र ठेवला होता. त्याचा उपयोग शेवटपर्यंत झाला. २९ जानेवारीला शोधतुकडीने काही तासांपूर्वीच ठेवलेली अन्नाची पिशवी त्यांना बर्फाच्या ढिगाऱ्यावर सापडली. पुढे निसरड्या निळ्या बर्फाचा उतार लागला आणि बुटांना लावायचे खिळ्यांचे तळ त्यांनी आधीच फेकून दिले होते. तेव्हा थिओडोलाइटच्या पेटीचे लाकूड घेतले, त्यात स्क्रू आणि बारीक खिळे ठोकले आणि पायाला बांधले. १ फेब्रुवारीला तळापासून सुमारे नऊ किलोमीटरवरच्या बर्फातल्या गुहेत ते पोहोचले. तिथे संत्री आणि अननस होते, त्यावरून जहाज आले आहे हे कळले. हिमवादळाने आठवडाभर तिथेच अडकवले. ८ फेब्रुवारीला उतरले तेव्हा ‘ऑरोरा’ क्षितिजाकडे चालले होते.

‘जहाज त्यांना सोडून गेले’ हे वाक्यही अपुरे आहे. बिनतारीने बोलावल्यावर कप्तान डेव्हिस परत फिरले होते, पण वाऱ्यामुळे होडी पाण्यात टाकता येईना. तिकडे पश्चिमेच्या तळावर वाइल्ड यांच्यासह आठ माणसे होती, दुसऱ्या हिवाळ्याची तयारी नसलेली, आणि समुद्र गोठायची वेळ जवळ येत होती. केप डेनिसनवर निवारा होता, अन्न होते, आणि मॉसन यांच्या शोधासाठी मागे राहिलेली सहा माणसे होती. डेव्हिस यांनी वाइल्ड यांच्याकडे जाण्याचा निर्णय घेतला, आणि तो योग्य होता.

इथे बहुतेक लेख संपतात. आमच्या मते इथून पुढचा भाग अर्ध्या लेखाचा ऐवज आहे.

मॉसन पूर्वेला असताना मोहिमेच्या बाकी तुकड्या कामाला लागलेल्या होत्या, आणि हे सारे नियोजन त्यांचेच होते. बेज, वेब आणि हर्ली हे तिघे चुंबकीय ध्रुवाच्या दिशेने सुमारे ४८० किलोमीटर आत गेले आणि वेब यांनी ८९° ४३.५′ नती नोंदवली. १९०९ मध्ये एका बाजूने, आता दुसऱ्या बाजूने. बिकरटन यांच्या पश्चिम तुकडीला ५ डिसेंबर १९१२ रोजी तळापासून सुमारे २९ किलोमीटरवर, नुसत्या बर्फावर एक काळा दगड दिसला. वजन सुमारे एक किलो, वर वितळून थिजलेली पातळ साल. अंटार्क्टिकात सापडलेली ही पहिली अशनी. बर्फावर दगड असला तर तो वरून पडलेला किंवा दुरून वाहून आलेला असणार, हे पुढे फार मोलाचे ठरले. १९६९ मध्ये जपानी संशोधकांना यामातो पर्वताजवळ एकाच भागात नऊ अशनी मिळाल्या आणि तेव्हापासून हजारोंनी मिळत आहेत. वाहता बर्फ डोंगराला अडतो, वारा वरचा बर्फ खरवडून नेतो, आणि आत गाडलेले दगड उघडे पडून एका जागी गोळा होतात.

मॅडिगन यांच्या तुकडीला पूर्व किनाऱ्यावर हॉर्न ब्लफ हा कडा सापडला. शेकडो मीटर उंचीचे डोलेराइट या अग्निजन्य खडकाचे उभे खांब, आणि खाली कोळशाचे अंश असलेला वालुकाश्म. कोळसा म्हणजे झाडे, म्हणजे हा खंड एके काळी हिरवा होता. डोलेराइट सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तशाच खडकाचे तसेच खांब समुद्रापलीकडे टास्मानियात उभे आहेत. केप डेनिसनचा नाइस हा रूपांतरित खडक तर सुमारे २५० कोटी वर्षांचा. त्याचे नाते दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या गॉलर भूखंडाशी लागते. हे दोन्ही तुकडे एकेकाळी एकच होते आणि आज त्या जुन्या भूखंडाला मॉसन यांचेच नाव आहे. जिथे जमीन बर्फाखाली आहे तिथे हिमोढातले, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या ढिगाऱ्यातले दगड गोळा करायचे, कारण हिमनदी आतल्या प्रदेशाचे नमुने स्वतःच किनाऱ्यावर आणून टाकते. तळावरचे भूवैज्ञानिक फ्रँक स्टिलवेल यांनी हेच काम केले. न दिसणाऱ्या जमिनीचा नकाशा काढण्याची ही रीत चित्रासह समजावली तर शाळेतल्या मुलांनाही समजेल.

आणि मग फ्लिंडर्स पर्वतरांग. मॉसन १९२१ मध्ये ॲडलेडला प्राध्यापक झाले आणि १९५२ पर्यंत शिकवत राहिले. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या त्या उष्ण, कोरड्या डोंगरांत टिलाइटचे, म्हणजे हिमनदीने टाकलेल्या गाळापासून झालेल्या खडकाचे जाड थर आहेत. हा खडक ओळखायची खूण सोपी आहे. नदी दगडांची निवड करते, मोठे आधी टाकते, बारीक पुढे नेते. हिमनदी निवड करत नाही. म्हणून टिलाइटमध्ये मातीच्या गाळात मुठीएवढा आणि डोक्याएवढा दगड शेजारी शेजारी रुतलेला सापडतो, आणि काही दगडांवर घासल्याचे समांतर ओरखडे असतात. वॉल्टर हाउचिन यांनी हे थर आधी ओळखले होते. मॉसन यांनी वर्षानुवर्षे त्यांची जाडी मोजली, विस्तार शोधला, आणि कँब्रियनपूर्व काळातले ते हिमयुग जगभर पसरलेले असावे असे मांडले. जिवंत हिमनदीवर दोन मोहिमा काढलेला माणूस सत्तर कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनदीचा गाळ वाचत होता. ‘हिमगोल पृथ्वी’, म्हणजे एके काळी जवळजवळ सारी पृथ्वी बर्फाखाली होती, ही आज चर्चेत असलेली कल्पना लिहिताना मॉसन यांचे नाव येत नाही, याची आम्हाला मनापासून खंत वाटते. त्यांचेच विद्यार्थी रेग स्प्रिग यांना १९४६ मध्ये त्याच रांगेजवळ एडियाकरा इथे फार प्राचीन, मऊ देहाच्या जीवांचे जीवाश्म सापडले, आणि त्या जागेवरून २००४ मध्ये एका भूवैज्ञानिक कालखंडाला ‘एडियाकरन’ हे नाव मिळाले.

१९२९ ते १९३१ या काळात ‘डिस्कव्हरी’ जहाजावरून त्यांनी आणखी दोन सफरी केल्या. ऑस्ट्रेलियाचा अंटार्क्टिकातला हक्क त्यांवर उभा आहे, पण तो विषय राजकारणाचा असल्याने वेगळा लिहावा. मॅक्वॉरी बेटावर तेलासाठी चालणारी पेंग्विनची कत्तल थांबावी म्हणून त्यांनी आवाज उठवला, बेट १९३३ मध्ये अभयारण्य झाले. १९५४ पासून चालू असलेल्या ऑस्ट्रेलियन ठाण्याला मॉसन यांचे नाव आहे. १४ ऑक्टोबर १९५८ रोजी ते वारले.

‘२६ फेब्रुवारी १९१४ रोजी ॲडलेडला परतले आणि मोहीम संपली’ हे वाक्य जिथे असेल ते बदला, एवढी शेवटची विनंती. परतल्यावर मोहिमेवर कर्ज होते आणि सहा महिन्यांत महायुद्ध सुरू झाले. बेज १९१५ मध्ये गॅलिपोलीला पडले. मॅक्वॉरी बेटाचे सर्वेक्षण केलेले भूवैज्ञानिक लेस्ली ब्लेक १९१८ मध्ये फ्रान्समध्ये गेले. त्यांच्या टिपणांवरून त्या बेटाचा भूवैज्ञानिक अहवाल मॉसन यांनी १९४३ मध्ये लिहून पूर्ण केला. मोहिमेच्या वैज्ञानिक अहवालांचे खंड बावीस आहेत. शेवटचा छापला गेला १९४७ मध्ये.

आपले,
ध्रुवीय भूविज्ञान शिकणारे आणि शिकवणारे काही जण